एक नाहीतर तीन

सांगा मंडळी, युनूस तांबोळीचा फायदा किती होता? आधी मोजू, मग रडू! तुरुंगातली कोठडी, आत तिघं कोंबलेले. आता त्याला अख्खी एकट्याला मिळणार! पाय सरळ पसरायला जागा, स्वतःचं मडकं, स्वतःची खिडकी. वर सखोबा भिंगारेच्या घोरण्यातून सुटका! – हसू नका पाटील, तुमचं घोरणं गावाला ठाऊक आहे! तर सवाल असा : शेजारी माणूस असणं ही शिक्षा, की राखण?

त्या तुरुंगाचा नियम – कोठडीत एक ठेवा, नाहीतर तीन. दोन कधीच नाही! दोघं मिळून कट शिजवतात म्हणे. तिसरा कैदी शिक्षा संपून घरी गेला. उरले दोन. झाली की पंचाईत!

जेलर निंबाळकर आले. "युनूस, वळकटी उचल. शेजारची कोठडी तुझी."

युनूसचा चेहरा फुलला. दोन वर्षं हेच मागत होता! पण पाय अडला. "साहेब, सखोबाकाकांना फेफरं येतं. मी कुशीवर वळवतो, नाहीतर श्वास कोंडतो त्यांचा."

"मग?"

"तिसरा द्या ना इथंच."

"त्याला वरची सही लागते. वेगळं करायला माझी पुरते!"

ऐकलंत? माणूस जगवायला वरची सही! मारायला खालची चालते!

सखोबा म्हणाला, "जा रे बाबा. झोप तरी लागेल तुला."

युनूस गेला. गेला, मंडळी! मीही गेलो असतो.

तिसरा दिवस. जेवणानंतरची दुपारची बंदी, सगळ्या कोठड्यांना कुलपं. भिंतीपलीकडे मडकं फुटलं. मग टाचा – धप! धप! धप! युनूस गजांवर थाळी बडवतोय, "काका! कुशीवर वळा, काका!" – अरे, झटक्यात माणूस वळेल कसा? पहारेकरी धावला, किल्ली कचेरीत! ती येईतो टाचा थांबल्या होत्या.

जेलरनं काय लिहिलं? 'कोठडीत कैदी एकच. नियमभंग नाही.' थू!

आणि माना काय डोलावताय? आईला मागच्या खोलीत ठेवून 'तिला शांतता लागते' म्हणणारे कितीजण बसलेत इथं? हात वर करू नका, मांडव पडेल!

तर मोजा. जेलरचा नियम शाबूत. वरच्या साहेबाची शाई वाचली. युनूसला जागा मिळाली – आणि तो पाय पोटाशी घेऊन, भिंतीला कान लावून बसतो. किंमत कोणी दिली? सखोबानं! सगळ्यांची, एकट्यानं!