क्लॅन मॅकोर्वीची वार्षिक सभा

प्रमिला : आणि ह्या कडा सगळ्या फेकून द्यायच्या?

यामिनी : हो, ताई. सँडविचच्या कडा राहिल्या तर फियोना विचारेल, यामिनीची तब्येत बरी नाही का म्हणून.

प्रमिला : फियोना म्हणजे ती पांढऱ्या केसांची, चौकडीचा घागरा घातलेली?

ऊर्मी : मावशी, बाहेर सगळेच पांढऱ्या केसांचे आहेत. अँड चौकडीचा घागरा पण सगळ्यांचा आहे. पुरुषांचा सुद्धा. फियोना म्हणजे काठीवाली. शी इज द प्रेसिडेंट.

प्रमिला : पिशवी दे मला एखादी. संध्याकाळी फोडणीचा पाव करते ह्या कडांचा. बाप्पा, नागपूरहून तीन विमानं बदलून हॅलिफॅक्सला आली मी, ते चर्चच्या बेसमेंटमध्ये अंडी कुस्करायला!

यामिनी : तूच म्हणालीस, लॉकलनच्या माणसांना भेटायचंय.

प्रमिला : मग भेटून तर राहिली. एकेक जण येतो, हात हातात घेतो आणि काय बोलतो ते कळत नाही. यांचं इंग्रजी आपल्या इंग्रजीसारखं नाही. त्या उंच म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही कोणत्या ब्रँचच्या. मी म्हटलं, धरमपेठ.

ऊर्मी : ओ माय गॉड. तो मर्डो. तो क्लॅनची, ह्या स्कॉटिश कुळाची, ब्रँच विचारत होता. म्हणजे कोणत्या घराण्याच्या.

प्रमिला : मला काय माहीत? पस्तीस वर्षं बँकेत काढली. ब्रँच विचारली, सांगितली. खूश झाला तो. लिहून पण घेतलं त्याने.

यामिनी : ऊर्मी, ही निळी फाइल बघून ठेव. इतिवृत्तं, सभासदांची यादी, घटना, सगळं ह्यात आहे. सभा संपली की फियोनाच्या हातात द्यायची. माझ्याकडून राहिलं तर तू दे.

ऊर्मी : तू सेक्रेटरी आहेस. तू दे.

यामिनी : तोवर मी सेक्रेटरी नसेन. सभासदही नसेन.

ऊर्मी : व्हॉट?

प्रमिला : म्हणजे? भांडण झालं का कोणाशी?

यामिनी : नाही. सभेतला पहिला विषय दिवंगतांची यादी. मर्डो नाव वाचतो, सगळे उभे राहतात, नील बॅगपाइप वाजवतो. या वर्षी यादीत एकच नाव आहे, हिच्या बाबाचं. लॉकलनचं नाव वाचून झालं की माझं सभासदत्व संपतं. घटना, कलम चार, पोटकलम तीन.

प्रमिला : कोणत्या मेल्याने लिहिलं असलं कलम?

यामिनी : मी.

प्रमिला : तू?

यामिनी : दोन वर्षांपूर्वी. जुन्या घटनेत होतं की सभासद म्हणजे आडनाव मॅकोर्वी असलेले, त्यांचे जोडीदार आणि क्लॅनचे मित्र. आता मित्र म्हणजे कोण, ह्याची व्याख्याच कुठे नव्हती. मी तो शब्द काढून टाकला. विधवांबद्दल नुसतं लिहिलं होतं, ‘त्यांची काळजी घेतली जाईल.’ कोणी घ्यायची? किती दिवस? मी तिथे मुदत घातली. मूळ सभासदाचं नाव दिवंगतांच्या यादीत वाचलं जाईपर्यंत जोडीदाराचं सभासदत्व राहील, त्यानंतर नाही.

ऊर्मी : अँड बाबा? तो काहीच नाही बोलला?

यामिनी : त्याने स्पेलिंग तपासलं. म्हणाला, आता कशी स्वच्छ झाली.

प्रमिला : आणि ह्या सगळ्यांनी हात वर केले?

यामिनी : एकमताने. वाचली कोणीच नाही. खरं तर माझ्याही डोक्यातून गेलं होतं. मंगळवारी यादी टाईप करत होते, त्याच्या नावाशी आले तेव्हा लक्षात आलं.

ऊर्मी : देन डोन्ट टेल देम! कोणाला माहीतच नाहीये, आई.

यामिनी : मला माहीत आहे. आमच्या लॅबमध्ये एखादा नमुना कोणी तपासला नाही म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत.

ऊर्मी : ओके, मग बदल ते. आज व्होट घे.

यामिनी : दुरुस्तीला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात. यादीत एकेचाळीस आहेत. त्यातले चौदा नर्सिंग होममध्ये. दोन वर्षांपूर्वी संस्थेचं शंभरावं वर्ष होतं म्हणून ओंटारिओहून सुद्धा माणसं आली. तेवढी पुन्हा जमायची तर अजून अठ्ठ्याण्णव वर्षं थांबावं लागेल.

प्रमिला : मग लखनचं नाव नका वाचू. सोपं आहे.

ऊर्मी : लखन कोण?

प्रमिला : तुझा बाप. तुझ्या आजीला लॉकलन म्हणता यायचं नाही. ती लखनच म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

यामिनी : ताई, तो गेल्यापासून सहा महिने मी ते नाव ऐकायला थांबले आहे.

प्रमिला : …बरं.

यामिनी : आणि इथेच ऐकायचं आहे. मर्डो शाळेची बस चालवायचा, लॉकलन त्या बसने जायचा. फियोनाने त्याला पोहायला शिकवलं. बाकी सगळ्या गावात मला सांगावं लागतं, माझा नवरा असा होता, तसा होता. इथे ते मलाच सांगतात.

प्रमिला : आणि तेच तुला बाहेर काढणार.

यामिनी : ते नाही. मीच काढते आहे. सुरी दे ती, तिरके कापायचे आहेत.

प्रमिला : तुला लहानपणापासून सांगून राहिली मी, सगळ्या फटी बुजवायच्या नसतात. जाऊ दे. आपल्या कुळाच्या पुस्तकात तरी तू कायमची आहेस. नवीन आवृत्ती निघाली, मी आणली आहे बॅगेत. पान दोनशे चौदा.

यामिनी : काय लिहिलंय?

प्रमिला : एम.एस्सी., प्रथम श्रेणी. पुढे ‘विवाह : कॅनडा’.

ऊर्मी : वेट, आईने कॅनडाशी लग्न केलं?

प्रमिला : मी तीनदा कळवलं त्यांना लखनचं पूर्ण नाव. पत्र लिहिलं, फोन केला, संमेलनात संपादकाला जेवणाच्या पंगतीत गाठलं. तो म्हणे, रकान्यात मावत नाही.

ऊर्मी : अँड मी आहे का त्यात?

प्रमिला : आहेस ना. ‘कन्या एक.’

ऊर्मी : वाव. नाव पण नाही. इकडे मी फुल मेंबर आहे, माहितेय? मी तिकडे ओंटारिओत वॉनला राहते, सभेला चार वर्षांनी आलेय, मला ह्यांची गाणी पण येत नाहीत. आई चौदा वर्षं इथे सँडविच करतेय, मिनिट्स लिहितेय, स्कॉटिश गेम्सच्या वेळी तंबू लावतेय. पण फुल मेंबर मी!

यामिनी : तू जन्माने मॅकोर्वी आहेस. त्यात तुझा काही दोष नाही. बरं, ऐक. कोरम बाराचा आहे. माझ्या-तुझ्यासकट बरोबर बारा होतात. सुरुवातीला एकदा मोजतात, मग पुढे कोणी उठलं तरी चालतं. दोनला येऊन बस माझ्या शेजारी.

ऊर्मी : एक्झॅक्टली बारा?

यामिनी : बारा. घंटा वाजली बघ. मी जाते. तू चहाचं पाणी ठेवून लगेच ये.

(यामिनी सभागृहात जाते. स्वयंपाकघर आणि सभागृह ह्यांच्यामधली वाढपाची खिडकी अर्धी उघडी आहे.)

प्रमिला : जा ना. आईने बोलावलं तुला.

ऊर्मी : हम्म.

प्रमिला : हम्म काय? पाणी ठेवते मी. अगं, फ्रिजच्या मागे काय करून राहिली?

ऊर्मी : मावशी, श्श. तू खिडकीतून बघ आणि मला सांग. काय बोलतात ते मी तुला सांगते.

प्रमिला : काहून?

ऊर्मी : बिकॉज मी आत गेले नाही तर अकराच होतात.

प्रमिला : …अस्सं. थांब, चष्मा लावू दे.

ऊर्मी : काय चाललंय?

प्रमिला : फियोना उभी झाली. काठीने मोजून राहिली एकेकाला. एक जण झोपला आहे, त्याला दोनदा मोजला.

ऊर्मी : म्हणून ती परत मोजते म्हणतेय. …इलेव्हन. इलेव्हन म्हणाली.

प्रमिला : तुझी आई इकडे पाहून राहिली.

ऊर्मी : हाऊ डझ शी लुक?

प्रमिला : मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी दिसत होती तशी. पास होणार हे माहीत होतं तरी.

यामिनी : ऊर्मी! ऊर्मी, ये ना गं, सगळे थांबलेत!

ऊर्मी : सांग तिला, मी वॉशरूमला गेले.

प्रमिला : यामिने! तिचं पोट बिघडलं! चांगलंच बिघडलं, वेळ लागेल!

ऊर्मी : मावशी!

प्रमिला : नुसतं वॉशरूम म्हटलं तर पाच मिनिटं वाट पाहतात. पोट म्हटलं की सभा उठते. बँकेच्या युनियनमध्ये बारा वर्षं होती मी. कोरम कसा मोडायचा ते मला नको शिकवू.

ऊर्मी : पण तू मराठीत ओरडलीस. आता आईला ते त्यांना ट्रान्सलेट करावं लागेल. शी कान्ट लाय, मावशी. तिला येतच नाही.

प्रमिला : अरे देवा. मग काय बोलून राहिली?

ऊर्मी : ट्रान्सलेट करतच नाहीये ती. फियोना विचारतेय, सेक्रेटरीच्या मते किती जण हजर आहेत?

प्रमिला : यामिनी फाइल उघडून राहिली. बंद केली. चष्मा काढला. अगं, ती फियोना इकडेच येऊन राहिली, खाली बस, खाली बस!

ऊर्मी : इथे जागाच नाहीये!

प्रमिला : पाहिलं. पाहिलं तिने तुला. सरळ डोळ्यांत पाहिलं.

ऊर्मी : आय नो. मी पण तिच्याकडे बघितलं.

प्रमिला : काय म्हणाली ती? आणि खिडकी काहून लावून घेतली?

ऊर्मी : म्हणाली, किचनमधून गार वारा येतोय.

प्रमिला : इथं? भट्टीसारखं तापलं आहे इथं! आता काही दिसत नाही. कान लाव.

ऊर्मी : …फियोना म्हणतेय, आय काउंट इलेव्हन. मर्डो म्हणतोय, कोरम नाही तर सभा नाही. सभा नाही तर यादी नाही. …झालं. खुर्च्या सरकवतायत.

प्रमिला : बस झालं ना मग? तुझ्या मनासारखं झालं. रडून काहून राहिली?

ऊर्मी : ती सहा महिने थांबली होती म्हणाली ना.

प्रमिला : डोळे पूस. येऊन राहिली ती.

यामिनी : पोट कसं आहे?

ऊर्मी : बरं आहे. आई, आय ॲम सॉरी. तुला बाबाचं नाव ऐकायचं होतं.

यामिनी : हो.

ऊर्मी : तू चिडलीयेस?

यामिनी : अजून ठरलं नाही. ताई, चहाचं पाणी उतू चाललं आहे.

प्रमिला : जाऊ दे उतू. काय लिहिलंस ते सांग आधी.

यामिनी : सभागृहात अकरा सभासद हजर, कोरमअभावी सभा झाली नाही.

प्रमिला : खोटं लिहिलंस? तू?

यामिनी : खोटं नाही. सभागृहात अकराच होते. स्वयंपाकघर सभागृहात धरायचं की नाही, ह्याची व्याख्या घटनेत नाही. माझ्याकडून राहून गेली.

ऊर्मी : फियोनाने मला बघितलं, आई. ती समोर उभी होती.

यामिनी : माहीत आहे. खुर्चीवर बसताना माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, पोटकलम तीन फार सुबक लिहिलं आहेस.

ऊर्मी : म्हणजे तिने वाचलंय?

यामिनी : दोन वर्षांपूर्वीच. तीही वाचणार नाही असं मी धरून चालले होते. चाळीस वर्षं शाळेत पेपर तपासले तिने.

प्रमिला : पण पुढच्या वर्षीचं काय? सभा काही टळत नाही कायमची.

यामिनी : पुढच्या वर्षी फियोनाला त्या दिवशी बरं नसणार आहे. तिने आत्ताच कळवलं. त्याच्या पुढच्या वर्षी मर्डोची पाठ धरणार आहे. त्यानंतरचं नील बघून सांगतो म्हणाला.

ऊर्मी : पण मग बाबाचं नाव कधीच नाही वाचणार कोणी.

यामिनी : नाही. नीलने बॅगपाइप पेटीत ठेवून दिला. हवा भरून तयार होता बिचारा.

प्रमिला : वाईट वाटलं?

यामिनी : वाटलं. साखर दे ती. दूध वेगळं ठेव, मिसळू नकोस, ह्यांना वरून लागतं.

प्रमिला : कोण हसून राहिलं एवढ्या मोठ्याने? छत पडेल.

यामिनी : मर्डो. नऊ वर्षांचा असताना लॉकलन बसमध्ये बादली घेऊन चढला होता म्हणे, जिवंत लॉबस्टरची. बाईंना द्यायला. झाकण नीट बसलं नव्हतं.

ऊर्मी : बाबाने मला हे कधीच नाही सांगितलं.

यामिनी : मलाही नाही. तो ट्रे घे, कोपऱ्यातला. आणि चल आत. सभा नाहीये आता, येऊन बसलीस तरी चालेल.