जुन्या तुरुंगातलं जोडगाणं

लिओटा : झाली ना गंमत, काका? आता दार उघडा. तिकडे मेळ्याच्या जेवणासाठी घेवड्याची पातेली चुलीवर ठेवून आलेय मी.

हॉबर्टकाका : तसं कसं उघडू, पोरी? आज मी मेळ्याचा शेरीफ आहे, या तुरुंगाचा फौजदार. हा बघ छातीवर पत्र्याचा तारा. तुम्हा नवराबायकोवर रीतसर तक्रार आलीये.

रॉइस : आणि गुन्हा काय म्हणायचा आमचा, शेरीफसाहेब?

हॉबर्टकाका : वर्षभर गावाला जोडीनं तोंड न दाखवणं आणि गाणं न ऐकवणं. शिक्षा, दोघांना एका कोठडीत कोंडणं. सुटका, तुमचं ‘पूल गेला’ हे गाणं म्हटल्यावर.

रॉइस : ऐकलंस, ली? भलताच गंभीर गुन्हा आहे. फाशीच व्हायची खरं तर.

लिओटा : दात काढू नकोस. काका, मी खरंच सांगतेय. उघडा.

हॉबर्टकाका : अगं, दरसालचा खेळ आहे हा. गेल्या मेळ्याला न्यायाधीशबाईंना कोंडलं होतं, त्यांनीसुद्धा बेसूर का होईना, म्हटलं. छत गळतंय बाई या तुरुंगाचं. खाणीतले दिवे गंजले, तुझ्या सासूच्या गोधड्यांना बुरशी धरली. तुरुंगाचं संग्रहालय केलं खरं, पण तसं म्हणायची लाज वाटते. या मेळ्यात जे जमेल त्यातून पत्रे बदलायचेत. आणि माणसं येतात कोणासाठी? बँजोवाले काय, दर डोंगराआड सापडतात. जोडीनं गाणारे तुम्ही दोघंच.

लिओटा : किती जण आहेत बाहेर?

हॉबर्टकाका : अंगण भरलंय. चर्चची बाकं आणून मांडलीत. थांब, त्यांना जरा मागे सारतो, खिडकीशी नुसती झुंबड उडालीये. तोवर घसे साफ करा तुम्ही.

रॉइस : गेला म्हातारा. बस ना जरा. खाट पडकी आहे, पण दोघांना पुरेल.

लिओटा : मी उभी बरी आहे. रॉइस, मला एक सांग. मघाशी आल्यापासून दहा बायकांनी मला विचारलं, बहीण कशी आहे? काय सांगितलंयस तू गावाला?

रॉइस : हेच की, तिचं कंबरेचं हाड मोडलं. तू तिच्या सेवेला गेलीस.

लिओटा : अकरा महिने?

रॉइस : मोठं हाड असतं ते.

लिओटा : माझी बहीण परवा नाचायला गेली होती. आणि मी नदीपलीकडे राहते, न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

रॉइस : म्हणूनच कोणी विचारलं नाही. लोकांना कळायचं नसतं, ली. त्यांना आपण दोघं एका माइकसमोर उभे हवे असतो. त्यात काय पाप आहे का?

लिओटा : आणि तुला?

रॉइस : मलाही तेच हवंय. लपवतोय कुठे? घर खायला उठतं मला. रेडिओ लावून झोपतो. हे बघ, एक गाणं म्हणू, बाहेर पडू, मक्याचा पाव खाऊ. बाकीचं मग बोलू.

लिओटा : बाकीचं तू मंचावरून बोलशील. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणशील, मंडळी, लिओटा परत आली. सगळे टाळ्या वाजवतील, आणि मी हसेन.

रॉइस : हसलीस तर बिघडलं काय?

लिओटा : सगळंच बिघडतं. मी हसले म्हणजे हो म्हटलं असंच धरतोस तू. लग्न झाल्यापासून तेच चाललंय. डॉक्टरने मला विचारलं, कुठे दुखतंय. उत्तर कोणी दिलं?

रॉइस : तू गप्प होतीस म्हणून दिलं.

लिओटा : मी विचार करत होते. मला वेळ लागतो. तेवढा वेळ तू मला कधी दिलाच नाहीस, रॉइस. वाईट माणूस नाहीस तू. मारलं नाहीस, प्यायला नाहीस. म्हणून तर कोणाला सांगायचीही चोरी. काय सांगू? नवरा फार बोलतो म्हणून घर सोडलं? लोक हसतील.

रॉइस : मग परत ये ना. बोलणं कमी करीन मी.

लिओटा : तुझी भीती नाही वाटत मला. गाण्याची वाटते. तुझ्या आवाजावर माझा आवाज बसला की मला सगळं विसरायला होतं. इतकं छान वाटतं रे, की दुसरं काही आठवतच नाही. आणि मग सोमवार उजाडतो. आज तुझ्याबरोबर एक कडवं म्हटलं ना, तर त्या खोलीत मी परत जाणार नाही. मला माझं माहीत आहे. म्हणून गाणार नाही.

हॉबर्टकाका : झाले का घसे साफ? लोक पाय आपटायला लागलेत. तक्रारदाराने बजावलंय, तिन्ही कडवी झाली पाहिजेत, दोन नाही चालणार.

लिओटा : कोण हो हा एवढा चोखंदळ तक्रारदार?

हॉबर्टकाका : नाव सांगायचं नसतं. नियम आहे.

लिओटा : मग याच्याकडे का बघताय, काका?

हॉबर्टकाका : मी? छे, मी कुठे बघतोय...

रॉइस : राहू द्या, काका. मीच केली, ली. तक्रार माझी आहे.

लिओटा : तूच मला कोंडलंस.

रॉइस : अगं, मीही आत आहेच की. दुसरं काय करणार होतो? फोन उचलत नाहीस. दारात आलो तर न्हावी म्हणतो, वर कोणी नाही.

हॉबर्टकाका : थांबा, थांबा. कुठला न्हावी? बहिणीकडे होती ना ही? त्या हाडाचं काय?

लिओटा : हाड शाबूत आहे, काका. मी घर सोडलंय.

हॉबर्टकाका : अरे गाढवा. दर रविवारी त्या बाईच्या कंबरेसाठी प्रार्थना करतोय मी. अख्खं चर्च करतंय.

रॉइस : तिला उपयोगच झाला म्हणायचा. नाचतेय.

हॉबर्टकाका : तू आधी तोंड बंद ठेव. लिओटा, मी आत्ता दार उघडतो. मला म्हाताऱ्याला माफ कर. पण बाहेर अख्खं अंगण बघतंय. गाण्याशिवाय सोडलं की का म्हणून विचारतील. सांगशील त्यांना?

लिओटा : नाही हो. मला नाही सांगता येणार. ह्याला भर मेळ्यात असं उघडं पाडणं नाही जमायचं मला. आणि गप्प राहिले तर हाच काहीतरी सांगेल.

हॉबर्टकाका : मग मी शेरीफ म्हणून नियम सांगतो तो ऐक. जो गातो तो सुटतो. जोडीनं गायला पाहिजे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. एकटीनं म्हण. गाणं झालं की नाही ते तक्रारदाराने सांगायचं. तो हो म्हणाला की दार उघडतं, आणि बाहेर कोणी काही विचारत नाही.

रॉइस : तिला एकटीला येत नाही, काका. चाल मी म्हणतो.

हॉबर्टकाका : असं कुठं असतं? एवढी वर्षं गातेय ती.

लिओटा : तसंच आहे ते. चाल कायम त्याची, मी तिच्यावर वरचा सूर धरते. भांडी घासतानाही माझ्या तोंडून वरचाच सूर निघतो. एकटा ऐकला तर कोणी ओळखायचं नाही, की हे ‘पूल गेला’ आहे. चाल म्हणायला जावं तर गळा आपोआप वर सरकतो.

रॉइस : म्हणून तर म्हणतो, मला खालून धरू दे. मंचावर अवाक्षर काढणार नाही. आईशप्पथ.

लिओटा : तुला राहवणार नाही, रॉइस. आत्ताच किती वेळा मधे बोललास बघ. काका, लोकांना गप्प करा. आणि तू तोंड मिटून बस.

रॉइस : मधेच अडलीस तर?

लिओटा : तर अडेन. पण तू उचलायचं नाहीस.

(लिओटा एकटी गाते, आपल्या नेहमीच्या वरच्या सुरात. ‘पूल गेला, वाट गेली, दिवा तेवढा राहिला...’ बाहेर आधी कुजबुज होते, कोणीतरी बँजोवर साथ धरू बघतं आणि सोडून देतं. रॉइस दोनदा तोंड उघडतो आणि मिटतो. तिन्ही कडवी होतात. टाळ्या पडत नाहीत.)

हॉबर्टकाका : बाहेर गोंधळलेत सगळे. म्हणतात, शब्द तेच आहेत पण गाणं ते नव्हे. रॉइस, तक्रार तुझी. आता तू बोल. झालं का गाणं?

लिओटा : रॉइस.

रॉइस : तिसऱ्या कडव्यात, नदी उतरते तिथे, तू खाली येतेस. मला कायम वाटायचं, तू तिथे वर चढतेस.

लिओटा : तिथे तू वर येतोस. मग मी तुला जागा करून देते.

रॉइस : मला कधी ऐकूच नाही आलं.

हॉबर्टकाका : अरे, हो की नाही ते सांग. लोक थांबलेत.

रॉइस : हेच गाणं आहे, काका. तिन्ही कडवी झाली. उघडा दार.

हॉबर्टकाका : सांभाळून, पोरी. उंबरा उंच आहे.

लिओटा : जाते मी, रॉइस.

रॉइस : बरं.

हॉबर्टकाका : आणि तू रे? तू नाही सुटलास अजून. एक कडवं म्हण, चालेल मला. ये बाहेर.

रॉइस : म्हणतो. आधी लोक पांगू देत.