तुरा

आटलेलं पाणी. कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेलेली बोटं. मूठभर मीठ. पिंपरीच्या दवाखान्यात भेटीच्या रांगेत उभ्या सुभद्राबाईंच्या कानांवर पुढच्या दोघी जावांचं बोलणं येत होतं.

“कस्तुरा, भाऊजी शुद्धीवर आले न्हवं?”

“आले. बोटांचं काही नाही, किड्याचं विचारतात.”

“कसला किडा गं?”

“काचेच्या पेटीतला, समुद्राचा. नळीत राहतो, डोक्यावर पिसांचा तुरा.”

“मग?”

“पेटीतलं पाणी आटलं, म्हणून मी मिठाचं पाणी ओतलं. तुराच गळाला.”

“अगं, मीठ कुठं आटतंय? आमटी आटली की खारटच व्हते.”

“तेव्हा सुचलं नाही, जाऊबाई. आता काय सांगू त्यांना?”

“सांग, बरा हाय म्हणून.”

“मेलाच तो. सकाळीच नळी उकिरड्यावर टाकून आले.”

अलिबागहून आणला तेव्हाही त्या किड्याचा तुरा गळलेलाच होता. तो इथं, पेटीत पुन्हा फुटला होता.