साहेबाच्या फळीला गेलेला तडा

—नाही हो पंत, त्या पाटावर नको, सरस सांडलाय तिथं. बसलात तर उठताना पाटासकट उठाल, आणि संगमावरच्या बंगल्यात इंग्रज साहेब विचारतील, हा कोणता नवा पोशाख. इकडे या, उंबऱ्यापाशी, वारा आहे. फळी ना? आहे की, जाते कुठे. ती काय, फडक्याखाली निजवून ठेवली आहे. निजवूनच ठेवायची — ही पहिली गोष्ट साहेबांना लिहून कळवा, आपलं अक्षर मोत्यासारखं आहे असं सारा कसबा म्हणतो — भिंतीला टेकवून उभी करायची नाही, आणि उन्हात तर मुळीच नाही. अहो, हे लाकूड त्यांच्या मुलखातलं. तिथं म्हणे बारा महिने धुकं. तिथून निघालं, पाच-सहा महिने गलबतात खाऱ्या ओलीत काढले, आणि उतरलं कुठं, तर पुण्यात, कार्तिकातल्या कोरड्या वाऱ्यात. या दिवसांत आपल्या टाचा फुटतात, पंत, मग लाकडानं काय करावं? तेही फुटतं. त्याचा दोष नाही.

तेल लावलं, हो. आपण सांगितलं होतंत तसंच — गेनबा, धाकट्या साहेबांची चेंडूफळी नवी कोरी आहे, जवसाचं तेल लाव, जुन्या चेंडूनं ठोकून घट्ट कर, पंधरा दिवसांनी घोडनदीच्या पलटणीतले साहेब खेळायला येणार आहेत. उद्याच ना ते? उद्याच. माझ्या ध्यानात आहे. तेल मी बोटानं लावलं, फडक्यानं सुद्धा नाही. लोकांना वाटतं लाकडाला तेल म्हणजे पैलवानाची मालीश, ओता तांब्याभर. तसं केलं की लाकूड जड होतं, आतून कुजतं, आणि वर छान चकाकतं. माणसांतही असे असतात, श्रीमंतांच्या दरबारात आपण पाहत असालच — असो, मी काही बोललो नाही. पातळ हात द्यायचा, एक रात्र मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत पातळ हात. मग ठोकायचं. लाकडी मोगरीनं, हळूहळू, विशेष करून कडा आणि खालचं टोक, कारण फळी फुटते ती तिथूनच. कोवळ्या लाकडाचे पदर दबून एकमेकांना धरायला लागेपर्यंत ठोकत राहायचं. तीन दिवस मी तेवढंच करत होतो. आमची कारभारीण मैना म्हणाली, तीन दिवस एका फळकुटाला थोपटताय, घरातल्या माणसांना कधी थोपटलं नाहीत.

ती दोरी? कुठली दोरी — हां, खालच्या टोकाची. ती दोरी नाही, पंत, ती तात आहे, आतड्याची, पिंजाऱ्याच्या धनुकलीची. आपण लांबून पाहा, ब्राह्मणानं हात लावू नये असली वस्तू आहे ती. म्हणजे आपण फळीही पंच्यात गुंडाळून हातभर लांब धरून आणली होतीत, चामड्याचा चेंडू लागतो म्हणून, आणि ते दोन जुने चेंडू तर शिपायाच्या हाती दिले होतेत. तात ओली करून गुंडाळली की वाळताना आवळते, लोखंडाच्या पट्टीनं आवळणार नाही अशी. कशासाठी म्हणजे — बळकटीसाठी. पुढं फुटू नये म्हणून. तडा? तडा तर होताच की, थोडासा. आपल्या नजरेला आला नसेल. … बारकाईनं पाहिली होतीत? दोनदा? … नव्हता. बरं. नव्हता तडा. आपण आणलीत तेव्हा फळी धड होती.

रागावू नका. बसा. सांगतो.

असं झालं, पंत, की नुसत्या मोगरीनं काम होत नाही. साहेबांनी जुने चेंडू दिले होते ते काही उगाच नाही. कोणीतरी चेंडू अलगद टाकायचा, आपण अलगद फळीला लागू द्यायचा, म्हणजे नव्या लाकडाला मार खायची सवय होते. आता टाकणार कोण? मैनेला म्हटलं, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही. म्हणून मीच भिंतीवर चेंडू मारायचा आणि उलटा येईल तो अडवायचा असं सुरू केलं, या मागच्या अंगणात. दोनतीनदा नीट आला. चौथ्यांदा जरा जोर लागला आणि चेंडू गेला मधल्या भिंतीवरून पलीकडे. पलीकडे कोण राहतं ते आपल्याला ठाऊक नसेल. संपत. माझा धाकटा भाऊ. एका वाड्याचे दोन भाग, मध्ये गळ्याइतकी भिंत, आणि नऊ वर्षं त्या भिंतीवरून आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो. बायका बोलायच्या. लोणचं इकडून तिकडे जायचं, कोयरीतलं कुंकू तिकडून इकडे यायचं. आम्ही दोघं मात्र नाही.

मी तसाच उभा. हाक मारावी तर नऊ वर्षं मोडतात, न मारावी तर चेंडू साहेबाचा. इतक्यात भिंतीवर संपतचं डोकं आलं. केस पांढरे झालेत हो त्याचे, मी इतक्या जवळून पाहिलेच नव्हते. म्हणाला, "हा चेंडू कोणाचा?"

मी म्हटलं, "साहेबाचा."

"मग साहेब कुठं आहे?"

"संगमावर."

"आणि तू इथं काय करतोस?"

म्हटलं, "फळीला सवय लावतोय." तो तिथंच हनुवटी टेकवून बघत राहिला, मग म्हणाला, "असा भिंतीवर मारून नाही होणार. धर." आणि टाकला. अलगद, हं, पंत, अगदी विटी झेलायला द्यावी तसा. मी फळी पुढं केली, टक् करून लागला, परत गेला त्याच्या हातात. त्यानं परत टाकला. एक शब्द नाही. दिवे लागेपर्यंत टक्, टक्, टक्. दुसऱ्या दिवशी भिंत ओलांडून आला, धोतर खोचून. तिसऱ्या दिवशी — हे आपण साहेबांना लिहू नका — आम्ही नदीवर गेलो. मुठेच्या वाळवंटात. अंगणात हात मोकळा होईना, म्हणून. मी बावन्न वर्षांचा, तो सत्तेचाळीस, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत बसलेल्या. पंत, काय सांगू, साहेब लोक भर उन्हात हे का करतात ते मला त्या दिवशी कळलं. तीनदा मी चेंडू पाण्यात घालवला. तीनदा संपत गुडघाभर पाण्यात उतरला. तिसऱ्यांदा वर आला तो हसत नव्हता. मी हसत होतो, तीच चूक. चार पावलं मागं गेला, धावत आला, आणि त्या टाकण्यात नऊ वर्षांचं सगळं होतं, खोटं सांगत नाही. चेंडू लागला तो थेट खालच्या टोकाला. असा आवाज झाला की बायकांनी सुद्धा ऐकला. टोकापासून वर वीतभर तडा.

आम्ही दोघं वाळूत बसलो. साहेब कोतवालाकडे गेले तर काय, संगमावरचं काम गेलं तर काय, दारं-खिडक्या, टेबलं, सगळं तिथूनच येतं अलीकडे. तेव्हा संपत फळीवरून अंगठा फिरवत म्हणाला, "दादा, चूक माझी. मी जोरानं टाकला." दादा म्हणाला, पंत. आणि लगेच, चूक माझी.

मग त्यानंच सगळं केलं. तेल मुरलेल्या लाकडाला सरस धरत नाही, हे मला ठाऊक होतं, पण उपाय ठाऊक नव्हता. त्यानं चुलीतली कोमट राख चाळून तड्यात भरली, तेल ओढून घेतलं, झटकली, परत भरली, चार वेळा. मग पातळ कढत सरस, कोंबडीच्या पिसानं आतवर. फळी जरा वाकवायची, तडा उघडतो, सरस आत जातो, सोडली की मिटतो. मग दोन्ही बाजूंनी पाचरी, मग तात. दोन दिवस हात लावायचा नाही. आता ती जागा इतर फळीपेक्षा घट्ट आहे, आपण साहेबांना निर्धास्त सांगा. फक्त ओल्या गवतावर टोक टेकवून उभं राहायचं नाही म्हणावं, पाणी खालूनच चढतं.

सरस? वाळला की. परवाच वाळला. … हो, काल आपला शिपाई आला होता तेव्हा फळीचं तेल अजून ओलं आहे म्हणून मी त्याला परत पाठवला. खरं आहे. आता आपण विचारलंतच म्हणून — संपत रोज सकाळी येतो फळी बघायला. तात नीट आवळली का ते बोटानं दाबून बघतो, मैना गूळपाणी देते, दोन घटका बसतो. फळी गेली की कशाला येईल तो?

भांडण कशावरून? काय करायचंय ऐकून. एका सरदारांचा दिंडीदरवाजा होता. मी लाकूड निवडलं, संपतनं फळ्या बसवल्या. वैशाखात त्यांच्याकडे मुंज, अंगण माणसांनी भरलेलं, आणि मधली फळी बंदूक उडावी तशी तडकली. वरून खालपर्यंत. सरदारांनी विचारलं, हे कोणी केलं. मी म्हटलं, फळ्या संपतनं बसवल्या. खोटं नव्हतं ते, फळ्या त्यानंच बसवल्या होत्या. त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं, सगळ्यांदेखत. त्यानंतर मोठं काम कोणी दिलं नाही त्याला. पाट, पाळणे, पोळपाट करत बसला. आणि त्याला अजून वाटतं की फळी त्यानंच घट्ट बसवली म्हणून फुटली. पण साग ओला होता, पंत. मला घाई होती. मला ठाऊक होतं की ओला आहे, मी तोंडानं सांगितलं की वाळलेला आहे, आणि त्यानं विश्वास ठेवला.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मैनेलाही नाही. आपल्याला का सांगितलं कोण जाणे. आपण असे गप्प बसता ना, त्यानं माणूस बोलत सुटतो.

… काही बोलू नका. घ्या, फळी घ्या. पंचा घ्या. साहेबांना लिहा, तडा गेला होता, सुताराच्या हातून गेला, सुतारानं सांधला. लिहाच. त्यांना चालली तर उद्या खेळतील, नाही तर परत पाठवतील, मी दुसरी करून देईन.

दार वाजलं. मागचंच. तोच आहे, याच वेळेला येतो.

ये, संपत. नाही, फळी गेली, पंत घेऊन चाललेत. नाही, तू बस. फळीचं नाही, मला दुसरं बोलायचंय तुझ्याशी. बस ना.

पंत, जाताना दार ओढून घ्या.