कळकलेली आंबील

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्या बायकांना जागा द्या. आजच्या कीर्तनात एकच प्रश्न विचारते. देणं अवघड की घेणं? देणं म्हणता? बरं. मग ऐका!

तुमच्या-माझ्या गावात येळवस कशी असते, तुम्हाला सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं गाव रानात. कडब्याची झोपडीवजा कोप, कोपीत दगडांचे पाच पांडव, भज्जीचं भगुणं, बाजरीचे उंडे, झाडाला पोरांचा झोका. आणि आंबील! मोठ्यानं हाळी देत ती रानभर शिंपायची. आंबिलीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय घास नाही.

माझं माहेर नाशिकाकडचं, तिकडं येळवस कुणाला ठाऊक? लग्नानंतरची पहिलीच. सासूबाईंनी बजावलं होतं, ताक-पीठ मडक्यात आंबव. पण मला मडकं दिसलं काळंकुट्ट, आणि पितळी घागर दिसली लखलखीत. हसता काय? तुम्हीही तेच केलं असतं! घागरीची कल्हई आतून उडालेली, हे कुणी बघितलं?

सकाळी घरचे बैलगाडीनं पुढं गेले. मी आंबील शिजवून, डोक्यावर घेऊन मागून यायचं. घागरीवरचं झाकण काढलं — आंबील हिरवट! कळकलेली! गल्लीत धावले, तर दाराला दार कुलूप. रानात घरची माणसं उपाशी, आणि मी नवी सून.

एकच दार उघडं होतं. केरामावशीचं.

केरामावशी एकटी. तिचं रान तीन वर्षांपूर्वी तलावात गेलं. त्याआधी तिच्या कोपीत शंभर पानं उठायची, वाटेनं जाणारा हाताला धरून बसवायची. रान गेलं तशी बाई येळवशीला घराबाहेर पडेना. सासूबाई दरवर्षी बोलवायच्या, ती म्हणायची, माझ्या कोपीत गाव जेवलंय, मी आता कुणाच्या बांधाला पान मागू?

मी रडतच दारात गेले. बघते तर चुलीवर मडकं, मडक्यात आंबील. कुणासाठी, मावशी? तिनं पदरानं मडक्याचा काठ पुसला.

"सण आला की हात ऐकत नाहीत गं. घेऊन जा."

"मला शिंपायला येत नाही मावशी. हाळीसुद्धा येत नाही."

खरंच येत नव्हतं हो! तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वर मडकं घेतलं, आणि माझ्याबरोबर निघाली.

आमच्या बांधापर्यंत आली आणि थांबली. मडकं माझ्या हातात दिलं. म्हणाली, इथून तुझी सासू शिकवील. आणि पाठ फिरवली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. मडकं बघितलं, कुणाचं ते ओळखलं, माझा रडका चेहराही बघितला. मला वाटलं, आता इथंच माझी पूजा! पण त्यांनी पळीभर आंबील हातावर घेतली, चाखली, आणि पाठमोऱ्या मावशीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या,

"केराबाई, मीठ विसरलात वाटतं यंदा."

मंडळी, ती बाई गर्रकन वळली!

"मीठ? चाळीस वर्षं गावाला पाजली मी आंबील. जीभ दाखव तुझी."

आणि तणतणत बांध ओलांडून आली. पळी हिसकावली, चाखली. मीठ अगदी बरोबर होतं. तिनं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई कोपीकडं बघत म्हणाल्या, पांडव खोळंबलेत, शिंपून घ्या आता.

केरामावशीनं शिंपली. साऱ्या रानाला ऐकू जाईल अशी हाळी दिली, आणि मागाहून मी, चुकत चुकत. मग आमच्या पंगतीत पान घेऊन बसली. दुसरा उंडा मागून घेतला तिनं — मागून!

आता सांगा, माझी सासू खोटं बोलली. पाप लागलं का तिला? तुमचं तुम्ही ठरवा.

पण अमावस्या चार दिवसांवर आलीय. तुमच्या शेजारी असेल एखादी, जी सणाला दार लावून बसते. तिला ‘जेवायला या’ म्हणून दमलात ना? यंदा म्हणू नका. रिकामी वाटी घेऊन जा, आणि काहीतरी मागा. नसलं अडलं तरी मागा. आपण घरातलं सगळं देऊ, मंडळी. पण रिकामी वाटी पुढं करणं किती अवघड, ते त्या दारात उभं राहून बघा.

आता तेच रिकामे हात वर करा, आणि देवाचं नाव घ्या.