उभ्या जीपचं मिसिंग

...आन् पळताना विचाराल तर काय न्हाई हो! चकलांब्याहून गेवराई, गेवराईहून बीड, कुरकुर न्हाई का तक्रार न्हाई. पण एकदा पाय काढला, जीप उभी केली, की झालं इंजनाचं मिसिंग सुरू... भक्... भक्... भक्भक्... फट्! बॉनेट थरथर, आरसा थरथर, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याची कवळी थरथर! तुमाला सांगतो, पळते लई चांगली, उभी राह्यली की लाज काढते!

आता म्हणाल, मग उभी करू नका ना सुंदरराव! अहो, पण माझ्या पोरीचं, आरोहीचं लग्न आठ दिवसांवर आलं व्हतं! आन् आमच्या वडलांच्या वेळेपासून गावात येणाऱ्या जावयाचा परण्या, म्हंजे नवरदेवाची मिरवणूक, ह्याच पेट्रोलच्या जिपीत निघतो. म्होरं बँड, मागं वऱ्हाडी, गाडी दोन पावलं चालणार आन् पोरं नाचायला लागली की घटकाभर उभी. म्हंजे मारुतीच्या देवळापस्तोर माझा जावई बाशिंगासकट थरथरत जाणार का? सांगा ना!

बरं, जीप बिघडली कशानं? तर मला पक्कं ठाऊक व्हतं! दसऱ्याला माझा मेव्हणा, सोमेश्वर, जीप घेऊन लिंबागणेशला गेलता. तो घेऊन गेला आन् आली ती हीच... भक्... भक्! मग रॉकेलच घातलं असणार ना टाकीत? दुसरं काय?

साखरपुड्याच्या दिवशी तर कहर झाला. पावणे दारात, जीप दारात, आन् मी मोठ्या ऐटीत इंजन चालूच ठेवलेलं. फट्!! व्याह्याच्या बशीतला चहा थेट धोतरावर! व्याही बिचारा हळूच म्हणतो, "गाडीला... थंडी वाजायली का हो?" आन् मी, चारचौघांत, ह्या एवढ्या आवाजात, "न्हाई हो, आमच्या मेव्हण्यानं रॉकेल पाजलंय तिला!" मेव्हणा कुठं व्हता? पोह्याचा ट्रे घेऊन माझ्या मागं! त्यानं ट्रे खाली ठेवला, चप्पल घातली, गेला.

मग आमची वनमाला! "अवो, माझ्या भावानं टाकी फुल करून दिलती! रॉकेल म्हणं! आता पोरीला मांडवात कोण आणणार? मामाबिगर लग्न लावताव का?" आन् सोमेश्वरचा निरोप आला, "रॉकेल कुठं हाय ते चारचौघांत दाखवा, न्हाईतर मामाला बोलवू नका." आरोही नुसती बघत राह्यली माझ्याकडं. तेच लई लागलं.

म्हणलं, दाखवतोच! मांजरसुंब्याला सुग्रीव मेकॅनिक हाय, ढाब्याला लागूनच. आवाज असा की गाडी खोलायच्या आधी गर्दी गोळा करतो. सोमेश्वरलाबी तिथंच बोलावलं. आला, हाताची घडी घालून लांब हुबा राह्यला. सुग्रीवनं पेट्रोल बाटलीत काढलं, वास घेतला, मला दिला, सोमेश्वरला दिला. "रॉकेल? ह्यात रॉकेल असंल तर मी मिशा काढतो!" मग चालू इंजनावर एकेका प्लगची वायर काढून बघितली. दोन वायरी काढल्या की इंजन आणखी रडतं, दोन काढल्या तरी काय फरकच न्हाई! "दोन सिलेंडर झोपलेत! प्लगांला करंट न्हाई! डेल्को खोला!"

डेल्को म्हंजे ती इंजनाच्या बाजूची काळी टोपी. पंगतीत वाढप्या वाढतो तसा ती एकेका प्लगला पाळीपाळीनं करंट वाढते. मी म्हणलं, "डेल्कोला हात लावू नको! ठणठणीत हाय! दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सोता उघडलाय!"

सुग्रीव थांबला. "तुमी? कावून?"

आता काय सांगू... उघडली ना त्यानं टोपी.

आतनं हळद आन् कुंकू! वाळून खपली धरलेलं!

अहो, खंडेनवमी व्हती! हत्यारं पुजायची, औजारं पुजायची, मग इंजन पुजायचं न्हाई? वरनं तर सगळेच पुजतात. म्हणलं, आपण आतनं पुजू! टोपी काढली तर आत चार टिकल्या गोल आन् मधी एक. पाच! मला वाटलं, देवानंच मांडून ठेवलंय! हळद-कुंकू कालवलं पाण्यात, लावलं पाचीला बोटानं, हात जोडले, टोपी लावली. करंट जायचा प्लगात, तो माझ्या कुंकवातनं भलतीकडंच फिरायला लागला!

आन् सुग्रीव गप बसंल का? "अरं या बे! जेवण सोडा! दर्शन घ्या!" ढाब्यावरचे समदे ड्रायव्हर आले हो, हातात भाकर घेऊन. एकानं तर चप्पल काढून नमस्कार केला. तुमाला सांगतो, जीप पळते लई चांगली, उभी राह्यली की लाज काढते... आन् त्या दिवशी तर बंद केलेली व्हती तरी काढली!

सोमेश्वर हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं. मला त्याच्याकडं बघवंना. भरल्या साखरपुड्यात ज्याला मी चोर ठरवला, त्यानं माझी टाकी भरून दिलती. लई लाज वाटली हो. त्याचे हात धरले, म्हणलं, "सोमेश्वर, चुकलो. पोरीसाठी ये."

"येतो की दाजी. भाचीनं काय केलंय? तिला मांडवात मीच आणणार."

माझ्या डोळ्याला पाणीच आलं!

"फकस्त एक हाय. मामाला मान देताना टिळा लावतेत ना? तो तुमच्या हातानं नगं. माझं डोकं सध्या बरं चालायलंय."

बरं म्हणलं.

परवा लग्न पार पडलं. सुग्रीवनं टोपी साफ करून दिलती, परण्यात जीप एकदाबी भकभकली न्हाई. टिळा वनमालानं लावला. मी नुसतं ताट धरून हुबा व्हतो... तेबी हातभर लांब!