मोठ्या बाबांची फरशी

परवा सौंसरच्या स्टँडवर केळी घेत होतो, तेवढ्यात पांढुर्ण्याहून फोन आला. मोठे बाबा गेले. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तुम्हांला सांगतो, तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी नागपूरला आईचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने जमिनीवर बसायचं नाही. महिनाभरानं मोठे बाबा तिला बघायला आले. आमच्याकडे भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई खुर्चीवर बसत नाही, थेट बोलतही नाही. आईनं डोक्यावर पदर घेतला आणि वॉकर धरून हळूहळू खाली बसली. मोठे बाबा रिवाजाप्रमाणे दाराकडे तोंड करून होते.

"आईले विचार, पाय कसा आहे?"

"सांग त्याईले, आता चालून राहिली मी."

पाच हातांवर बसलेल्या दोघांचे निरोप मी पोचवत होतो. पण "मोठे बाबा, तिले खाली बसाची मनाई आहे," एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटली.

ते गेल्यावर उठताना आईचा सांधा निखळला. पुन्हा नागपूर, पुन्हा दवाखाना.

"काऊन रे, कसं झालं?" मोठ्या बाबांनी फोनवर विचारलं.

"बाथरूममध्ये घसरली."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिस्त्री पाठवला आणि बाथरूममध्ये खरखरीत फरशी बसवून दिली. मागच्या वर्षी आई गेली, तोवर त्याच फरशीवरून चालली.

मोठ्या बाबांना खरं सांगायचं राहून गेलं.